शेरलॉकचं बारसं

आर्थर कॉनन डॉयल यांचा साउथसीचा दवाखाना जोरात चालला असता, तर शेरलॉक होम्स जन्माला आला असता की नाही, शंकाच आहे. पेशंट फिरकेनात, म्हणून डॉक्टरसाहेब कादंबरी लिहायला बसले. साल १८८६. त्यांच्या टिपणांचा एक कागद शिल्लक आहे. त्यावर नायकाचं नाव आहे शेरिनफर्ड होम्स आणि सोबत्याचं ऑर्मंड सॅकर.

देवानेच वाचवलं. ‘शेरिनफर्ड’ अशी हाक पुरी होईपर्यंत खुनी घोडागाडी करून पसार झाला असता. आणि ऑर्मंड सॅकर हा इसम तळघरात उतरण्याआधी हातमोजे शोधत बसला असता, याची मला खात्री आहे. डॉयलसाहेबांनाही असावी. त्यांनी सॅकरला नारळ दिला आणि वॉटसन नावाच्या साध्या गृहस्थाला कामावर घेतलं. साउथसीत डॉ. जेम्स वॉटसन नावाचे त्यांचे एक स्नेही होते. कथेतल्या वॉटसनचं पाळण्यातलं नाव मात्र जॉन. तरी १८९१च्या एका कथेत खुद्द मिसेस वॉटसन नवऱ्याला ‘जेम्स’ म्हणून मोकळ्या होतात. लेखक विसरला, दुसरं काय! पण हे होम्सभक्तांच्या पचनी कसं पडावं? डोरोथी सेयर्स या नामवंत रहस्यकथा-लेखिकेने युक्तिवाद केला, की जॉन एच. वॉटसनमधला ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. म्हणजे बाई बरोबरच होत्या. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेत. यमक जुळवायचं असल्यामुळे असा घोटाळा होत नसे.

होम्स या आडनावाचा तपास सोपा आहे. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे अमेरिकन डॉक्टर-लेखक डॉयल यांचे आवडते. बुद्धी एडिनबराच्या डॉ. जोसेफ बेल यांची. पेशंट दारातून आत येताच त्याचा धंदा ओळखणारे हे प्राध्यापक. आडनाव डॉक्टरचं, डोकं डॉक्टरचं, मित्र डॉक्टर, लिहिणारा डॉक्टर. राहता राहिलं ‘शेरलॉक’.

इथे संशयितांची रांग लागते. स्टोनीहर्स्टच्या शाळेत डॉयल यांच्याबरोबर पॅट्रिक शेरलॉक नावाचा मुलगा होता. हा संशयित मी सोडून देतो. वर्गमित्राचं नाव कोणी नायकाला देत नाही. मला माझे वर्गमित्र आठवतात तेव्हा त्यांची नावं पहिल्या प्रकरणातल्या प्रेतालाच द्यावीशी वाटतात.

मग क्रिकेट. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझा एक मित्र जुने धावफलक वाचतो. तो छातीठोकपणे सांगतो, की नॉटिंगहॅमशायरकडे फ्रँक शॅकलॉक हा वेगवान गोलंदाज होता आणि मॉर्डेकाय शेर्विन हा धिप्पाड यष्टिरक्षक. ‘झे. शेर्विन गो. शॅकलॉक’ हे चार वेळा भरभर म्हणून बघ, पाचव्यांदा तोंडातून ‘शेरलॉक’च बाहेर पडतं. मी म्हणून पाहिलं. बाहेर पडला तो ठसका.

पण त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. शेरलॉकपेक्षा हुशार आणि त्याहून आळशी असलेला थोरला भाऊ मायक्रॉफ्ट १८९३च्या कथेत येतो, आणि डर्बीशायरच्या संघात विल्यम व टॉमस हे मायक्रॉफ्ट बंधू खेळून गेले होते. शिवाय डॉयलसाहेब स्वतः प्रथम श्रेणीचे दहा सामने खेळले आणि त्यांत त्यांनी एकच बळी घेतला, तोही १९०० साली साक्षात डब्ल्यू. जी. ग्रेसचा. ग्रेसचं शतक झालेलं होतं, हा तपशील सांगायचा नसतो. या आनंदात त्यांनी कविताही रचली. असा माणूस नाव शोधायला शब्दकोश उघडेल की धावफलक?

त्यांचं स्वतःचं म्हणणंही जमेला धरू. शेरलॉक नावाच्या एका गोलंदाजाला बदडून आपण तीस धावा काढल्या, तेव्हापासून त्या नावाविषयी जिव्हाळा वाटतो, असं ते म्हणाल्याचं सांगतात. गोलंदाजालाही हा जिव्हाळा कितपत वाटला असेल, कोण जाणे.

आत्मचरित्रात मात्र डॉयलसाहेब तात्त्विक होतात. नावातच स्वभाव सांगून टाकणारे, ‘मिस्टर शार्प’ छापाचे गुप्तहेर त्यांना बाळबोध वाटत. इथे आपलं जमत नाही. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार म्हटलं, काळापहाड म्हटलं, तेव्हा आत काय मिळणार हे वाचकाला मुखपृष्ठावरच कळलं आणि त्याने खुशीने पैसे मोजले. डॉयलसाहेबांना पहिल्या होम्स-कादंबरीचे सगळे हक्क देऊन मिळाले पंचवीस पौंड. १८८७ साली ती एका नाताळ विशेषांकात छापून आली.

माझा कौल क्रिकेटला. अडचण खुद्द आरोपीचीच आहे. चार कादंबऱ्या आणि छप्पन कथांमध्ये होम्स मुष्टियुद्ध करतो, तलवार चालवतो, व्हायोलिन वाजवतो, पण बॅट एकदाही हातात धरत नाही.