चांगल्या हातात द्यायची आहे

पुलगाव असो, आर्वी असो की हिंगणघाट, वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या वस्तीत एक तरी काकाजी असे भेटतातच, ज्यांना आपली राजदूत ‘देऊन टाकायची’ असते. विकायची नाही हं. विकण्याचा शब्द काढला की, दारातला म्हातारा गवळाऊ बैल कसायानं मागावा तसे ते तुमच्याकडे बघतात.

काकाजी बहुधा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असतात. गाडी शेडमध्ये, तिच्यावर सोलापुरी चादर, चादरीवर रिकामी पोती आणि पोत्यांवर मांजर. राजदूत 175, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची. मूळ आराखडा पोलंडचा, हे चहा येण्याआधीच कळतं. 1983 साली आलेली 350 वेगळी. ती यामाहाची, कॉलेजच्या पोरांची. 1973च्या ‘बॉबी’त दिसली ती धाकटी. ही मात्र दूधवाल्यांची, ग्रामसेवकांची, डबलसीट बाजाराला जाणाऱ्यांची.

‘‘गाडीत काही दोष?’’

‘‘दोष काहीच नाही जी. इंजिन तेवढं जाम हाय.’’

टाकी गळते. तिथे कपड्याचा साबण दाबून बसवलाय आणि साबणावर काकाजींच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलाय. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण या टू-स्ट्रोक बाईला पेट्रोलमध्ये ऑइल कालवल्याशिवाय घोट उतरत नाही, हा विनोद काकाजी प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि आपणच आधी हसतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आणि त्यावर दुचाकीला बंदी आली, याचा मात्र त्यांना मनापासून राग आहे. कित्येक वर्षांत फाटकाबाहेर न पडलेल्या गाडीचा मुंबईचा रस्ता सरकारनं अडवला, असंच ते समजतात.

किंमत शून्य आहे. अटी मात्र भारी. रंग मूळचाच ठेवायचा. पोळ्याला हार घालायचा. वर्षातून एकदा आणून दाखवायची.

गिऱ्हाईकं येतात. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं मोबाइलवर चित्र दाखवलं: मडगार्ड कापायचं, सीट बारीक करायची, सायलेन्सर उघडा ठेवायचा. काकाजींनी चष्मा काढून पुसला. ‘‘मडगार्ड कापलं तर पावसात चिखल कोणाच्या पाठीवर उडन?’’ पोरगं म्हणालं, पावसात चालवणारच नाही. तिथेच ते बाद. नागपूरहून एक हॉटेलवाला आला. त्याला गाडी भिंतीवर टांगायची होती. ‘‘फाशी देऊन राहिले का तिले?’’ भंगारवाला काटा घेऊनच आला होता. त्याला फाटकातच चहा मिळाला, साखर कमी.

माझ्या मते या जातीच्या काकाजींना गिऱ्हाईक नकोच असतं. त्यांना गाडीबद्दल विचारणारं माणूस हवं असतं. घरच्यांनी विचारणं केव्हाच सोडलेलं असतं.

मग हिंगणघाटचा एक तरुण मेकॅनिक आला आणि घोटाळा झाला. तो काही बोललाच नाही. उकिडवा बसला, प्लग काढला, हुंगला, शर्टाला पुसला. किक हातानंच दाबून पाहिली. म्हणाला, ‘‘पिस्टन चिकटला हाय, काकाजी. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून आठ दिवस ठेवू. सुटते.’’

रंग मूळचा? ठेवतो. पोळ्याला हार? घालतो. आणून दाखवशील? चालवत आणतो.

काकाजींच्या कपाळावर घाम आला. ‘‘रात्री ठेवशील कुठं?’’

‘‘घरात.’’

‘‘आईले पेट्रोलचा वास सहन होईन?’’

‘‘आईलेच पाहिजे जी. तिचे वडील राजदूतवर दूध घालत होते.’’

आता नाही कशावरून म्हणायचं? काकाजींनी नंबर प्लेटकडे पाहिलं. एमएच-32 सुरू व्हायच्या आधीचा नंबर. तेवढ्यात काकू आतून आरसी बुक घेऊन आल्या. इतकी वर्षं त्या याच दिवसाची वाट पाहत होत्या. मेकॅनिकनं पानं अलगद सोडवली. आत पुलगावच्या कुण्या गृहस्थाचं नाव होतं. काकाजींनी गाडी त्याच्याकडून घेतली, पैसे मोजले, पेढे वाटले. नावावर करायची तेवढी राहून गेली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही लागते आणि इथे कागदोपत्री मालक पुलगावला.

काकू खाली बसल्या. काकाजींचा चेहरा मात्र दसऱ्याला उजळावा तसा उजळला.

‘‘म्हणजे गाडी माही नाहीच! मग मी कोण देणारा?’’

मेकॅनिक उठला तर त्यांनी त्याला हात धरून बसवलं. डिझेल किती सोडायचं, गरम करून का थंडच, किक रोज हलवायची की नाही, सगळं नीट विचारून घेतलं आणि कॅलेंडरच्या मागं लिहिलं.

तेव्हापासून तो पोरगा दर रविवारी पाने घेऊन येतो आणि जेवूनच जातो. पुलगावच्या मालकाचा शोध जोरात सुरू आहे, असं काकाजी भेटेल त्याला सांगतात. काकू म्हणतात, शोध शेडमध्येच चालू आहे. आणि तो मालक खरंच सापडला, तर त्यालाही आधी अटी ऐकवतील.