खांद्याचा नेम

कयाधूकाठच्या नरसी नामदेवमध्ये नेम म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथे एकादशी चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही आणि आषाढीनंतरची परतवारीही चुकत नाही. लहानग्या नामदेवानं हट्ट धरून देवाला नैवेद्य खायला लावला, ही गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक. पण याच मंडळींना 'दुखरा हात रोज भिंतीवर चढवा' असं सांगून पाहा. चौथ्या दिवशी भिंत तिथेच असते, हात मात्र उपरण्यात. नरसीला एकटीला दोष नको, मुंबई-पुण्याचे हातही तितकेच आळशी. माझं म्हणणं एवढंच, की खांद्याच्या व्यायामाकडे पुरावा आहे, प्रतिष्ठा नाही. तो कडू नाही, टोचत नाही आणि फुकट आहे. मग त्याला औषध म्हणायचं कुठल्या तोंडानं?

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. उथळ बशीवर नारळ ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा तिथे टेकलेला असतो आणि चार स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. हे स्नायू दुखावले, की पहिला विचार ऑपरेशनचा येतो, कारण पैसे मोजले म्हणजे आजारालाही आपली किंमत कळते, अशी आपली समजूत. फिनलंडच्या डॉक्टरांनी हीच समजूत तपासली. खांद्यातली जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया, आत फक्त दुर्बीण घालून पाहणं आणि देखरेखीखालचा व्यायाम यांची त्यांनी तुलना केली. 2018 साली आलेल्या निष्कर्षानुसार, खऱ्या शस्त्रक्रियेनं नुसत्या दुर्बिणीपेक्षा रुग्णाला जाणवेल असा जास्त फायदा दिला नाही. व्यायामाच्या तुलनेतही मोठी आघाडी दिसली नाही. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 708 रुग्णांच्या अभ्यासानं तर फिजिओथेरपिस्टचाही अहंकार उतरवला. सहापर्यंत भेटी घेऊन वाढवत नेलेला व्यायाम आणि एकाच भेटीत नीट समजावून घरी करायला दिलेला व्यायाम, वर्षभरानंतर दोन्हींचं फळ जवळपास सारखंच. म्हणजे गुरू एकदा भेटला तरी चालतो, साधना मात्र आपली आपणच करायची. वारकऱ्याला यात नवीन ते काय?

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा: 'दिवसभर हात चालतोच की, वेगळा व्यायाम कशाला?' हात चालतो खरा, पण ठरलेल्या वाटेनं. कापूस वेचताना, हळद काढताना, अगदी भजनात टाळ वाजवतानाही तो बहुतेक वेळ छातीपुढेच राबतो. डोक्यावर आणि पाठीमागे जायची त्याची सवय सुटते. ते कळतं काष्टा खोचताना किंवा पोलक्याच्या मागच्या हुकाशी झटापट करताना. दुसरा आक्षेप असा, की दुखत असताना हलवायचं कशाला? पण दुखतं म्हणून हात हलवायचा नाही आणि हलत नाही म्हणून तो आखडतो, या फेऱ्यात खांदा पुरता अडकतो. म्हणून सोसेल तेवढंच करायचं: चांगल्या हातानं ओट्याचा आधार घेऊन वाकायचं, दुखरा हात सैल सोडून हलके झोके द्यायचे, मग भिंतीवर बोटं एकेक वर सरकवायची आणि पोचली तिथे खडूची खूण करायची. उद्याची खूण बोटभर वर गेली तर उत्तम, नाही गेली तर भिंत काही तक्रार करत नाही. तिसरा पक्ष तेल आणि हळदीच्या लेपाचा. हळदीच्या मुलखात हळदीविरुद्ध बोलण्याची माझी छाती नाही. लेपानं बरं वाटतं, तर जरूर लावा; पण खांद्याचं आखडलेलं आवरण लेपाच्या वासानं सैल होत नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे: 'गोठलेला खांदा आपोआप सुटतो.' अनेकांचा सुटतो, पण त्याला वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात. कुणाच्या खांद्यात थोडा ताठरपणा कायमही राहतो. मधुमेह्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून साखरही तपासून घ्यावी. व्यायाम म्हणजे चमत्कार नव्हे. पडल्यावर हात उचलतच नसेल, ताप असेल किंवा खांद्यासोबत छातीत दुखत असेल, तर भिंत सोडून आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी हरिपाठाला बसण्यापूर्वी पाच मिनिटं भिंतीला द्यावीत. देवाला आपल्या खांद्याची घाई नसेल; पण काष्टा रोजच खोचायचा आहे, आणि त्यासाठी दुसऱ्याला हाक मारणं परवडत नाही.