गॅलॉर्नडन कोअरवरची खिचडी

आकाशगंगेतल्या सगळ्या गुहा एकसारख्या दिसतात. दगड तेच, धूर तोच, आणि कुठून येतो ते कधीच न कळणारा जांभळट उजेडही तोच. पॅरामाउंट स्टुडिओच्या 16 क्रमांकाच्या मंचावर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या टीव्ही मालिकेचे कित्येक उजाड ग्रह उभे राहिले आणि तिथं राबणारी माणसं त्या मंचाला ‘प्लॅनेट हेल’, म्हणजे नरकग्रह, म्हणायची. मला त्यात आमच्या लहानपणच्या गणेशमंडळाचा पुठ्ठ्याचा डोंगर दिसतो. एका वर्षी तो कैलास असे, दुसऱ्या वर्षी द्रोणागिरी, आणि रंग उरला असेल तर तिसऱ्या वर्षी शिवनेरी. डोंगर तोच आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, पण हात जोडताना कुणाला अडचण येत नसे.

अशाच एका डोंगरात 1989 साली जॉर्डी ला फोर्ज अडकला. भागाचं नाव ‘द एनिमी’, ग्रहाचं नाव गॅलॉर्नडन कोअर. जॉर्डी जन्मांध. डोळ्यांवर लावलेल्या सोनेरी पट्टीतून तो पाहतो, आणि ती पट्टी म्हणजे बायकांचा केसांचा चाप आहे अशी माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून खात्री आहे. ग्रहावर विद्युतचुंबकीय वादळं. सोबत्यांपासून तुटलेला जॉर्डी खड्ड्यात पडतो, धातूचा दगड वितळवून चिखलाच्या साच्यात खुंट्या ओततो आणि त्यांच्या आधाराने वर येतो. वर त्याची वाट बघत असतो बोक्रा नावाचा रोम्युलन. रोम्युलन म्हणजे पिढीजात वैरी. पुढे वादळ दोघांनाही पोखरत जातं, एकाची दृष्टी जाते, दुसऱ्याचे पाय लटके पडतात. मग निकामी पट्टी हातातल्या यंत्राला जोडायची, दिसतंय त्याने सांगायचं, कळतंय त्याने करायचं, असा व्यवहार ठरतो. माझी आजी हा भाग पाहती तर पदराने चष्मा पुसत म्हणाली असती, ‘अंधपंगुन्याय!’ आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यायचं आणि पांगळ्याने वाट सांगायची. सांख्यांनी पुरुष आणि प्रकृती यांचा संसार समजावायला हाच दाखला दिला. कॅलिफोर्नियातल्या लेखकाने सांख्यकारिका वाचली होती असं माझं म्हणणं नाही. पण अडला हरी कुठल्याही ग्रहावर अडला तरी पाय धरण्याची पद्धत एकच असते.

हा भाग आम्ही कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये बसून पाहतो, यालाही एक अर्थ आहे. जॉन गॉल्ट नावाच्या स्कॉटिश कादंबरीकाराने 23 एप्रिल 1827 रोजी इथं एक मेपल वृक्ष तोडून गावाचा मुहूर्त केला. (झाड तोडून गाव सुरू करायचं आणि मग दोनशे वर्षं झाडं लावत बसायचं, ही रीत आपल्याकडचीच वाटते.) नाव दिलं तेव्हाच्या ब्रिटिश राजघराण्याच्या मूळ कुळावरून. आता हे कूळ इतिहासात ओळखलं जातं ते एका भांडणामुळे. मध्ययुगीन इटलीत पोपच्या बाजूचे ते ग्वेल्फ आणि सम्राटाच्या बाजूचे ते गिबेलिन. गावोगावी, गल्लोगल्ली, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं वैर चाललं. शेवटी फ्लॉरेन्समध्ये ग्वेल्फ जिंकले, आणि जिंकल्यावर करायला काहीच न उरल्यामुळे त्यांच्यातच काळे ग्वेल्फ आणि गोरे ग्वेल्फ असे दोन तट पडले. कवी दान्ते गोऱ्यांतला. 1302 मध्ये काळ्यांनी त्याला हद्दपार केलं. परदेशातली मराठी मंडळं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना हा इतिहास वेगळा समजावून सांगायला नको. तर आमचं हे शांत गाव, स्पीड आणि एरामोसा या दोन नद्या जिथं न भांडता एकमेकींत मिसळतात ते, एका भांडकुदळ पक्षाचं नाव लावून बसलेलं आहे.

आमच्या घरातले ग्वेल्फ आणि गिबेलिन म्हणजे माझे वडील नाना आणि माझे सासरे बापू. नाना पुण्याचे, निवृत्त गणितशिक्षक. बापू नागपूरचे, जन्म रेल्वेत गेलेला. वैराचं मूळ आमच्या लग्नात. पुण्याहून साठ माणसं येणार असं कळवलं होतं, आली ऐंशी. बापूंनी साठच फेटे सांगितले होते. मानपानाच्या गर्दीत नेमके वरपिताच बिनफेट्याचे राहिले आणि मंगलाष्टकं त्यांनी बोडक्या डोक्याने ऐकली. फोटोत ते केशरी फेट्यांच्या रांगेत वाती लावलेल्या समयांत एखादी विझलेली समई असावी तसे दिसतात. त्याचा वचपा त्यांनी पंगतीत काढला. वडाभाताचा पहिला घास घेऊन त्यांनी भर पंगतीत बापूंना विचारलं, ‘यात गूळ घालायचा राहिला का?’ त्यानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचंच झालं तर भिंतीला, नाहीतर माझ्या बायकोला उद्देशून बोलत.

बाळंतपणासाठी दोन्ही जोडपी एकाच हिवाळ्यात ग्वेल्फला आली, कारण तिकिटं त्या वेळी स्वस्त होती. 21 डिसेंबर 2013, शनिवार. त्या रात्री दक्षिण ओंटारिओवर गोठणारा पाऊस पडला. हा पाऊस आकाशातून पाणी म्हणून निघतो आणि फांदीला, तारेला टेकताच काच होतो. सकाळी बघावं तर प्रत्येक काडी काचेच्या बरणीत मुरत घातल्यासारखी दिसते. त्या वजनाने फांद्या मोडतात, फांद्यांनी तारा तुटतात, आणि गावंच्या गावं अंधारात जातात. आम्ही दोघं, आई आणि सासूबाई, असे चौघं संध्याकाळीच इस्पितळात गेलो होतो आणि रस्त्यांची ती काच झाल्यावर तिथंच अडकलो. घरी राहिले नाना आणि बापू. वीज गेलेली. घर उबवणारी भट्टी गॅसवरची, पण तिची हवा खेळवणारा पंखा विजेवर. चूलही विजेची. नानांना मोतीबिंदू, अंधारात हात पुढे करून चालायचे. बापूंचे गुडघे असे की बसले तर उठत नसत आणि उठले तर बसत नसत. गॅलॉर्नडन कोअर म्हणतात ते हेच.

त्या रात्री काय झालं ते दोघांनीही पूर्ण सांगितलेलं नाही. नाना म्हणाले, ‘तळघरातून विजेरी मी आणली.’ बापू म्हणाले, ‘मी वरून सांगितलं म्हणून आणली ना जी!’ बाकीचं आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्यावर पुराव्यांवरून जुळवलं. मागच्या लाकडी ओट्यावरच्या बार्बेक्यूच्या शेगडीवर आमचं मोठं पातेलं होतं, तळाला जरा लागलेल्या खिचडीसकट. म्हणजे बापूंनी उभ्याउभ्या खिचडी केली होती. न्हाणीघराच्या टबात नानांची पुण्याहून आणलेली काळी छत्री उघडीच ठेवलेली होती. तिच्यावर बोटभर बर्फ चढून ती मिटेनाशी झाली होती आणि थेंब थेंब वितळत होती. म्हणजे गोठत्या पावसात एक म्हातारा पातेलं ढवळत होता आणि दुसरा, ज्याला धड दिसत नव्हतं तो, अदमासाने ती छत्री त्याच्या डोक्यावर धरून उभा होता. स्वयंपाकघरात बापूंच्या तिखटाच्या बरणीशेजारी गुळाचा डबा उघडा. मी चमच्याने खिचडी चाखली. गोड होती. बापूंकडे पाहिलं तर म्हणाले, ‘अंधारात चुकून पडला असेल.’

दोघं दिवाणखान्यात एकाच गोधडीखाली, सोफ्याच्या दोन टोकांना पाय करून झोपले होते, ते आमच्या चाहुलीने जागे झाले. नानांच्या डोक्याला बापूंचा लोकरी मफलर गुंडाळलेला होता. नुसता गुंडाळलेला नव्हे, व्यवस्थित पेच घालून बांधलेला, मागे शेमला सोडून. रंग केशरी नव्हता, तपकिरी होता. आईने ते पाहिलं आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवायला गेली. चूल चालत नाही हे तिथं पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

टीव्हीवर सुटका झाली की भाग संपतो. जॉर्डी आणि बोक्रा जहाजावर पोचतात, रोखलेल्या तोफा खाली येतात, संगीत वाजतं. पुढे बोक्राने जॉर्डीला कधी पत्र पाठवलं का, हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न विचारला तो आपल्या महाभारताने. शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला पलित उंदराची गोष्ट सांगतात. लोमश मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडलेलं, आणि उंदरावर एकीकडून मुंगूस, दुसरीकडून घुबड टपलेलं. उंदीर मांजराच्या कुशीत शिरतो. त्या बदल्यात जाळं कुरतडायचं कबूल करतो, पण कुरतडतो सावकाश, आणि शेवटचा दोर पारधी दिसल्यावरच तोडतो. दोघं वाचतात. मग मांजर बिळाशी येऊन गोड बोलतं, ये, आता आपण मित्र. उंदीर आतूनच उत्तर देतो की गरज होती तोवर मैत्री होती, आता तू तिथं आणि मी इथं. सगळे भाऊबंद मारून राज्यावर बसलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी, याला भीष्मांचंच काळीज हवं. मला ती फार खरी वाटते. फक्त तो उंदीर रात्री बिळात पडल्यावर मांजराच्या पोटाची ऊब आठवत असेल की नाही, तेवढं व्यासांनी लिहायचं बाकी ठेवलं.

आमच्याकडेही वीज आली आणि नाना-बापू आपापल्या बिळात गेले. त्याच संध्याकाळी नाना भिंतीला म्हणाले की तिखट जरा जास्तच होतं. बापूंनी माझ्या बायकोला सांगितलं की छत्री नीट धरता आली असती तर खिचडी लागली नसती. मार्चमध्ये दोघं वेगवेगळ्या विमानांनी परत गेले. त्या बाळंतपणातली त्यांची नात आता आमच्या शेजारी बसून ‘द एनिमी’ पाहते आणि विचारते की नंतर त्यांचं पुन्हा भांडण झालं का. तिकडे पुण्यात थंडी पडली की नानांचा फोन येतो. ‘नागपूरला किती उतरलाय पारा? गुडघ्यांना बाधत असेल कुणाच्या.’ मी म्हणतो, तुम्हीच विचारा ना त्यांना. ‘छे, माझा काय संबंध,’ असं म्हणून ते फोन आईकडे देतात.

तो तपकिरी मफलर अजून नानांकडेच आहे. बापूंनी तो परत मागितलेला नाही.