आधी पेरा, मग कळवतो

शेतकऱ्याला निर्णय घेता येत नाही, अशी एक काळजी शहरात असते. एसी हॉलमधल्या चर्चासत्रात ती जास्तच बळावते. ‘बाजाराचा अभ्यास करून पेरावं’ असा ठराव होतो आणि मंडळी जेवायला उठतात. ठराव रास्तच आहे. अडचण एवढीच, की पेरणी जूनमध्ये होते आणि अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये बदलतो.

2025 चंच घ्या. मेअखेर केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. मध्यम धाग्याच्या कापसाला 589 रुपये वाढवून क्विंटलला 7,710. अभ्यासू शेतकऱ्याने आकडा वाचला, सरकीची पाकिटं आणली, लावली, खुरपली. डीएपीच्या पोत्यासोबत दुकानदाराने एक नको असलेली बाटलीही गळ्यात मारली. त्याला लिंकिंग म्हणतात. तीही घेतली. पुढे कपाशी रानात उभी असताना, 19 ऑगस्टला, सरकारने कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क काढून टाकलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत. मग ऐन वेचणीत परका कापूस कमी पडू नये म्हणून असेल, 31 डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने कर वाढवल्यामुळे कापड उद्योग अडचणीत होता, हे कबूल. हा राष्ट्रीय विचार कपाशीने समजून घ्यायला हवा होता. ऑगस्टात स्वतःला उपटून तिला दुसरं काही होता आलं नाही, हा तिचाच दोष.

सोयाबीनवाल्यांचा अभ्यास त्याहून जुना. 2021 च्या ऑगस्टात भाव दहा हजारांच्या आसपास खेळत होता. लगेच 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, तीही जीएम सोयाबीनची. ते बियाणं आपल्याकडे पेरायला बंदी आहे. म्हणजे कोंबडीच्या पोटात चालतं, कुणब्याच्या रानात चालत नाही. भाव चढला की दिल्लीला पहिल्या हाकेत ऐकू जातं. पडला की आधी ऑनलाइन नोंदणी, मग मेसेजची वाट, मग बारदाना संपला.

लातूरकडच्या एखाद्या खरेदी केंद्रावर जाऊन उभं राहा. मूठभर सोयाबीन यंत्राच्या कपात ओततात. आकडा थरथरतो आणि 13.8 वर थांबतो. हद्द 12 टक्क्यांची. “वाळवून आणा.” “साहेब, कालपासून आभाळ हाय, वाळवू कुठं?” साहेब यंत्राकडे बोट दाखवतात. शेतकरी ट्रॅक्टर वळवून अडतीवर नेतो. तिथे व्यापारी एक दाणा दाताखाली धरतो, कट्टकन फोडतो आणि हमीभावाच्या किती खाली जायचं ते ठरवतो. त्याच्या दातांना ओल्या दाण्याचं वावडं नाही.

यंत्रालाही माणुसकी आहे, हे मात्र सांगायला हवं. 2024 च्या नोव्हेंबरात 15 टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालेल असा आदेश निघाला. तारीख 15. विधानसभेचं मतदान 20 ला. दोन्हींचा संबंध जोडणारे लोक मनाने हलके असतात.

विम्याचं थोडक्यात. एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला आणि स्थानिक आपत्तीची भरपाईही योजनेतून वगळली. हे आपत्तीला कळवायचं राहून गेलं असावं. सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या रानात शिरल्या आणि सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. मग पॅकेज आलं. ते मात्र मोठ्या आकड्यात.

तरीही शेतकऱ्याला निर्णयस्वातंत्र्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजावं की न मोजता पेरावं, हे तोच ठरवतो. पंचाहत्तर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबावं की शेजाऱ्याची तिफण चालली म्हणून आपणही जुंपावी, हेही तोच. चुकला तर दुबार पेरणीचा पैसाही त्याचाच. या कामात सरकार कधीही ढवळाढवळ करत नाही.

आमची मागणी साधी आहे. आयात-निर्यातीचं जे काही ठरवायचं ते 31 मेच्या आत ठरवा आणि माल विकून होईपर्यंत त्याला हात लावू नका. हे जमणार नसेल, तर चर्चासत्रातल्या अभ्यासकांनी पुढच्या मे महिन्यात बांधावर यावं आणि नोव्हेंबरचा भाव कागदावर सही करून द्यावा. चहा आमच्याकडे. फक्त दुधाला काय दर मिळतो, ते विचारू नये.