जाझरसिकांची नाराजी : एक धाराशिवी मीमांसा

जाझचा रसिक कशावरून ओळखावा, या प्रश्नावर आजवर पुष्कळ शाई सांडली आहे. कोणी म्हणतो, त्याची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडली पाहिजे. कोणी म्हणतो, सॅक्सोफोनचा सोलो रंगात आला की त्याचे डोळे आपोआप मिटले पाहिजेत. ही सगळी बाह्य लक्षणे झाली. गळ्यात माळ घातली म्हणून कोणी वारकरी होत नाही. खरे व्यवच्छेदक लक्षण एकच : ‘जाझ अमुक साली संपला’ असे जो साल-महिन्यानिशी सांगू शकतो, तो जाझरसिक. या लक्षणाच्या अभ्यासासाठी न्यू ऑर्लीन्स किंवा न्यूयॉर्कला जाण्याचे कारण नाही. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा एवढे फिरले तरी भागते, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र प्रतिपादन आहे.

यावर पूर्वपक्ष असा : धाराशिव जिल्ह्यात मुळात जाझ आहेच कुठे? १९३५ साली लिऑन ॲबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १९७८ साली मुंबईच्याच रंगभवनात पहिली जाझ यात्रा भरली, सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले, पण आपल्याकडच्या लोकांना यात्रा म्हटली की तुळजापूरची किंवा येरमाळ्याची. मग जाझरसिक आणायचा कुठून?

उत्तरपक्ष. शिकागोत १९२६ साली अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात दोन माणसे शेजारी बसून वाजवत होती : ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर टेडी वेदरफर्ड. पैकी वेदरफर्ड फिरत फिरत पूर्वेकडे आला, ताजमध्ये वाजवू लागला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. त्या काळच्या मुंबईत गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ नावाचा ट्रंपेटवाला ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजत होता. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. या चिक चॉकलेटला हाताशी धरून पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ साली ‘अलबेला’ वाजवला. चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. ‘अलबेला’तली गाणी लग्नाच्या बँडवाल्यांनी उचलली नसती तरच नवल. म्हणजे धोतर-टोपीतल्या वऱ्हाडापुढे लाल कोट घालून घामाघूम झालेला बँडमास्तर जेव्हा ‘अलबेला’तल्या भगवानदादांच्या गाण्यावर ट्रंपेट आभाळाकडे वळवत असे, तेव्हा तो गुरुपरंपरेने आर्मस्ट्राँगचा पणतू शिष्य होता. त्याला हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने सुपारीची रक्कम वाढवली असती.

शिवाय जाझ जन्मला तोच रस्त्यावरच्या पितळी वाद्यांच्या बँडमधून. न्यू ऑर्लीन्समध्ये बँडच्या मागे लोक नाचत चालतात. आपल्याकडे वरातीत पुढे नाचतात, त्यामुळे बँड हलत नाही आणि मुहूर्त टळतो. एवढा भेद सोडला तर क्षेत्र अभ्यासास योग्य ठरते.

आता मुख्य सिद्धान्ताकडे. त्याला ‘पंचविशीचा नियम’ म्हणावे. श्रोत्याच्या जन्मसालात पंचवीस मिळवा. जे साल येईल, त्यानंतर वाजलेले सर्व काही ‘मॉडर्न’, अर्थात वाईट.

पडताळा पाहू. इंग्रज कवी फिलिप लार्किन हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि १९६१ ते १९७१ ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जाझच्या तबकड्यांवर लिहीत. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवाल्याने जाझ बिघडवला आणि कोल्ट्रेन या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याने तो कुरूप केला, असे त्यांचे मत. लार्किन यांचा जन्म १९२२चा. नियमाने १९४७ साल येते. पार्करची ‘को-को’ ध्वनिमुद्रित झाली नोव्हेंबर १९४५मध्ये. दोन वर्षांची तफावत सातबाऱ्यातही चालवून घेतात. खुद्द आर्मस्ट्राँग घ्या. जन्म १९०१, मर्यादा १९२६, म्हणजे ऐन ‘हॉट फाइव्ह’च्या तबकड्यांचा काळ. पुढे पार्करच्या पिढीचा बीबॉप आल्यावर त्यांनी पोरांची टिंगल केली, यात नियमाला आश्चर्य वाटत नाही.

कठीण दाखला ट्रंपेटवादक विंटन मार्सालिस यांचा. जन्म १९६१, म्हणजे १९८६पर्यंत सगळे गोड लागायला हवे होते. पण विजेवर चालणारा जाझ आणि फ्यूजन या गृहस्थांना मान्य नाही. ते स्वतःच्या जन्माच्या मागे जाऊन उभे राहतात. येथे नियम मोडतो असे वाटेल. परंतु त्यांचे पिताजी, पियानोवादक एलिस मार्सालिस, १९३४ साली जन्मले. चौतीस अधिक पंचवीस, १९५९! माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे वर्ष, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑर्नेट कोलमन प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये शिरला नि जाणकारांत उभी फूट पडली. तात्पर्य, काही रसिक बापाची पंचविशी दत्तक घेतात.

दत्तक पंचविशी आमच्या जिल्ह्यात अमाप. पुण्यात संगणकावर काम करणारा उमरग्याचा तरुण गावाकडच्या लग्नाला येतो आणि ‘आपल्याकडं खरी हलगी राहिली नाही’ असे म्हणून सुस्कारा टाकतो. खरी हलगी त्याने ऐकली ती आईच्या कडेवर झोपेत. त्याच मांडवात नियमाचे मूळ स्वरूपही दिसते. आबांच्या मते संगीत संपले ते हलगी-सनई जाऊन बँड आला तेव्हा. मामा म्हणतात, “नाही बगा आबा, बँड होता तवर दम होता, बेंजो आला अन् वाटोळं झालं.” भाचा म्हणतो, बेंजोत निदान माणूस वाजवत होता, डीजेने सगळे घालवले. तिघेही एकाच खाटेवर बसून एकाच डीजेला नावे ठेवत असतात, पण प्रत्येकाचे दुःख वेगळ्या सालातले असते. १९४०च्या दशकात अमेरिकेत नव्या जाझच्या चाहत्यांनी जुन्याच्या भक्तांना ‘बुरसटलेले अंजीर’ ठरवले होते. आबांना असे कोणी म्हटलेले नाही, कारण मांडवाचा खर्च आबांचा आहे.

नाराजीचा वादनाच्या लांबीशी काही संबंध आहे काय, हाही प्रश्न तपासला पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत; पुढे लाँग प्ले आली आणि कोल्ट्रेन तर मैफलीत अर्धा अर्धा तास एकच चीज वाजवू लागला. तक्रार आली : हा थांबत का नाही? तुळजाभवानीच्या गोंधळ्यांची वाटचाल नेमकी उलट. चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चालणारा गोंधळ आता जेवणाच्या दोन पंगतींमध्ये बसवतात. तक्रार आली : हा इतक्यात कसा थांबला? यावरून नाराजी ही वेळनिरपेक्ष आहे हे निर्विवाद सिद्ध होते. (संबळ खरोखर मुक्त वादन आहे. नाईक कथा सांगता सांगता आडवळणाला गेला की संबळवाला त्याच्यामागे जातो, झीलकरी मधेच टोकतो, आणि तिघे कुठे भेटणार हे देवीलाच ठाऊक. हे मी विनोदाने म्हणत नाही. ज्याला ऑर्नेट कोलमन कळत नाही त्याने एक पूर्ण गोंधळ बसून ऐकावा.)

अपवाद नोंदवणे शास्त्राला धरून होईल. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स १९०४चे. नियमाप्रमाणे १९२९ला कान मिटायला हवे होते. या गृहस्थांनी १९४४ साली, वयाच्या चाळिशीत, कोणाला फारसा न पटणारा थेलोनियस मंक नावाचा पियानोवाला आपल्या वाद्यवृंदात ठेवला. असा एक हॉकिन्स प्रत्येक वरातीत असतो : सत्तरीचा, फेटा सुटलेला, डीजेच्या भोंग्यासमोर पोरांत नाचणारा. घरची मंडळी त्याला आवरायला धावतात आणि त्यामुळे पुरेशी निरीक्षणे हाती लागत नाहीत.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी मात्र पक्षपात केलेला नाही. रंगभवन शांतता क्षेत्रात सापडले आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. इकडे रात्री दहा वाजता पोलिसांची गाडी येते आणि वरात मुकाट्याने चालू लागते.

राहिला भविष्याचा प्रश्न. आज डीजेपुढे नाचणारा २००८ सालचा मुलगा नियमानुसार २०३३ साली नाराज होईल. त्या वेळी वरातीत काय वाजेल हे सांगता येत नाही, पण तक्रारीचा मजकूर आताच तयार ठेवता येतो. तो असा : “आमच्या काळी डीजे होता. छातीत वाजायचा, खिडक्यांच्या काचा हलायच्या, माणूस माणसाला भेटायचा. हे आताचं ________ म्हणजे काय संगीत हाय व्हय?” रिकाम्या जागी योग्य तो शब्द त्या त्या वर्षी भरावा.