आधी पडदा नीट करून द्या

विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि 'जुनं मशीन भंगारात काढू नका, लिनक्स टाका' हा सल्ला जोरात सुरू झाला. सल्ला रास्त आहे. मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांना नवीन मशीन परवडत नाही. पण लिनक्स टाकून देणारा अकोल्याला परत जातो आणि दुकानदारापुढे उरतो १०२४ बाय ७६८चा पडदा. अक्षरं आडवी ताणलेली, कडा पुसट.

दोष बरेचदा केबलचा असतो. मॉनिटर आपलं माप व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मशीनला कळवतो. स्वस्त केबलमध्ये त्या तारा कधी कधी नसतातच. माप कळलं नाही की लिनक्स १०२४ धरून चालतं आणि मॉनिटरच्या खऱ्या मापाचा, १३६६चा, पर्याय यादीतून गायब होतो. 'मॉनिटरचं माप मिळालं नाही, केबल तपासा' एवढी एक ओळ पडद्यावर दाखवायला लिनक्स बनवणाऱ्यांचं काय जातं?

त्या पडद्यावर इंग्रजी कसंबसं निभावतं, मराठी नाही. मदतीसाठी कोणी दुसऱ्या गावाहून आपल्या मशीनवर हा पडदा जोडून घेतला, तर त्याच्याकडे चित्र दाबून पाठवलेलं असतं. 'रु' की 'रू', अनुस्वार आहे की नाही, रफार कुठल्या अक्षरावर, काही कळत नाही. नावात एक चूक झाली की फॉर्म परत येतो आणि शेलूबाजारच्या शेतकऱ्याची आणखी एक फेरी होते, आणखी एका दिवसाची मजुरी बुडते.

आणि वीज गेली की वेगळंच. मशीन पुन्हा चालू होऊन लॉगिनपाशी थांबतं आणि दुरून मदत करणाऱ्याला काळा पडदा दिसू शकतो. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणाऱ्या जुन्या एक्स११ यंत्रणेवर तिथेही शिरता यायचं. लिनक्सच्या उबंटू या प्रकाराने एप्रिल २०२१मध्ये बहुतेक मशीनवर तिच्या जागी वेलँड आणलं. लॉगिनच्या आधी दुरून शिरायची सोय उबंटूच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये आली मार्च २०२४ला. घर आधी, दार तीन वर्षांनी! दरम्यान पडद्याचं माप बदलायच्या एक्सरँडरच्या जुन्या कमांडी सांगणारे सांगतच राहिले, आणि वेलँडवर त्यांनी ते बदलत नाही.

म्हणून लिनक्स टाकून देणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. चांगली केबल सोबत आणा. १३६६ दिसतंय ते दुकानदाराला दाखवा. मशीनची वीज काढा, पुन्हा चालू करा, दुसऱ्या मशीनवरून लॉगिनपर्यंत पोचून दाखवा. पैसे त्यानंतर घ्या.