डॅलसचं सिलतरा कार्यालय

डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाचा कारभार अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातून चालतो, अशी संघाच्या मालकांची समजूत आहे. सिलतऱ्यात कोणी तसं मानत नाही. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात झाडांची पानं काळपट दिसायला लागतात, मग स्पंज आयर्नच्या चिमण्या दिसतात आणि पुढे ट्रकांची रांग लागते. तेच सिलतरा. तिथल्या एका पोलाद कारखान्यात शिफ्ट इनचार्ज असलेला एक नागपूरकर गृहस्थ दर जुलैत डॅलसचा संघ चालवतो. त्याचा पगार घेत नाही. मोबाइलचा रिचार्जसुद्धा स्वतःच्याच खिशातून करतो.

नागपूरकराचं सिलतऱ्यात असणं नवलाचं नाही. जयस्वाल निको हा नागपूरचा उद्योगसमूह, पण त्याचा पोलाद कारखाना सिलतऱ्यात आहे. त्याच्याही फार आधी, १७५८ साली, नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपुरात येऊन कारभार पाहू लागला. तेव्हापासून नागपूरच्या माणसाला छत्तीसगडात आलं की आपण काहीतरी चालवायला आलो आहोत असं वाटतं. बिंबाजीला सुभा मिळाला. आमच्या गृहस्थाला फर्नेस मिळाली आणि उरलेली हौस त्याने डॅलसवर भागवली.

या जातीच्या माणसाची पहिली खूण म्हणजे ‘आपण’ हे सर्वनाम. “आपल्याला चार नंबरला माणूस नाई ना!” असं तो पोह्यावर शेव भुरभुरवत म्हणतो, तेव्हा नवख्याला कारखान्याच्या चार नंबर फर्नेसला ऑपरेटर हवा आहे असं वाटतं. चार नंबर म्हणजे पॉवर फॉरवर्ड, बास्केटखाली धक्के देणारा आणि धक्के खाणारा उंच गडी. तीन नंबर म्हणजे स्मॉल फॉरवर्ड. त्यातल्या ‘स्मॉल’वर जाऊ नये, तोही साधारण साडेसहा फुटांच्या वर असतो. स्वतः गृहस्थाची उंची पाच फूट सात इंच. कॉलेजात असताना तो नागपूरला शिवाजीनगरच्या मैदानावर जायचा. खेळायचा असं तो म्हणतो. त्याचे तेव्हाचे मित्र “जायचा” एवढंच म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे घड्याळ. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार आता ३० जूनला न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहा वाजता उघडतो. तेव्हा सिलतऱ्यात १ जुलैच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि नाइट शिफ्ट ऐन भरात असते. गृहस्थ त्या आठवड्यात नाइट मागून घेतो. व्यवस्थापन ही त्याची कामावरची निष्ठा समजतं. मोबाइल कंट्रोल रूममध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे त्या रात्री एरवी दोन हीटमध्ये एकदा कंट्रोल रूममध्ये डोकावणारा साहेब दर दहा मिनिटांनी मीटर बघायला येतो. ऑपरेटरना वाटतं, आज ऑडिट आहे.

सकाळी शिफ्ट सुटली की टपरीवर निकाल जाहीर होतो. एका वर्षी ज्याच्यावर डोळा होता तो फॉरवर्ड आपल्या जुन्याच संघात राहिला. गृहस्थाचा चेहरा पाहून आलू गुंडा तळणाऱ्याने कढईवरून हाक दिली, “का होगे साहेब, घर मा कोनो बीमार हे का?”

आता प्रश्न असा, की एनबीएत तीस संघ असताना याने डॅलसच का धरलं? कारण अगदी देशी आहे. २०१५ च्या जूनमध्ये पंजाबातल्या बल्लो के गावचा सात फुटी सतनाम सिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. त्याला निवडलं डॅलसने. त्याच दिवशी गृहस्थ डॅलसचा झाला. सतनामला एनबीएचा एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही, पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. गृहस्थ मात्र करार न करताच अडकून पडला.

भक्तीला जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तोच त्याच्यावर पहिला घाव पडला. लॉस एंजेलिस क्लिपर्सचा डिआंड्रे जॉर्डन करार संपून मोकळा झाला होता. तो फॉरवर्ड नव्हे, सेंटर, पण गृहस्थ अशा वेळी नंबर पाहत नाही. ३ जुलैला जॉर्डनने डॅलसला तोंडी होकार दिला. नियमाप्रमाणे सह्या ९ जुलै उजाडल्याशिवाय करता येत नव्हत्या. मधल्या दिवसांत पठ्ठ्याचं मन पालटलं. क्लिपर्सचे खेळाडू आणि प्रशिक्षक त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन ठाण मांडून बसले. वाटेत असताना खेळाडूंनी विमानांची आणि मोटारींची चित्रं टाकून जगाला आपला प्रवास कळवला. ब्लेक ग्रिफिनने तर दाराला आतून खुर्ची लावल्याचा फोटो टाकला. मुदत संपल्याबरोबर जॉर्डनने जुन्याच संघाच्या कागदावर सही केली. मुलगी पसंत आहे म्हणून हॉल बुक करावा आणि वरपक्षाने फोन उचलणंच बंद करावं, तशी डॅलसची गत झाली.

“शब्द म्हणजे शब्द असते बावा,” गृहस्थ आजही सांगतो. तोच जॉर्डन २०१८ साली डॅलसमध्ये आला आणि हंगाम अर्धा होतो न होतो तोच संघाने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं, हे मात्र तो स्वतःहून सांगत नाही. विचारावं लागतं.

प्रतिस्पर्ध्याचा मोकळा झालेला फॉरवर्ड घ्यावा की नाही, यावर त्याचं उत्तर तयार असतं: घ्यावा. का? कारण हिशोब दुहेरी आहे. आपल्याकडे एक वाढला, त्यांच्याकडे एक घटला. शिवाय तो त्यांच्या सगळ्या चाली घेऊन येतो. दाखला म्हणून तो केव्हिन ड्युरँटचं पुराण लावतो. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीने गोल्डन स्टेटला ३-१ असं कोंडीत पकडलं आणि तरी मालिका ४-३ अशी घालवली. ४ जुलैला ओक्लाहोमाचा हा फॉरवर्ड, ज्यांनी हरवलं त्यांच्याच घरी निघून गेला. दोन वर्षांचे ५.४३ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर. हे जमलं, कारण टीव्हीच्या नव्या करारामुळे संघांच्या पगारखर्चाची मर्यादा त्याच उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून एकदम ९.४ कोटींवर गेली होती. गोल्डन स्टेटने २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदं घेतली आणि दोन्ही अंतिम मालिकांत ड्युरँट सर्वोत्तम ठरला. ओक्लाहोमात लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. गृहस्थ हे सगळं असं सांगतो, जणू चेकवर सही त्याची होती.

यावर त्याच्याच शिफ्टचा एक तरुण इंजिनिअर, जो या विषयात पडू नये असं सगळ्यांना वाटतं, हळूच विचारतो, “आणि पार्सन्स, सर?”

चँडलर पार्सन्स हे गृहस्थाचं दुखरं गळू आहे. प्रश्नाचं सगळ्यात चपखल उदाहरण तेच, आणि नेमकं डॅलसचंच. ह्यूस्टन हा डॅलसचा टेक्सासमधलाच वैरी. पार्सन्स त्यांचा फॉरवर्ड. त्याच्या जुन्या करारात आणखी एक वर्ष बाकी होतं, तेही एनबीएच्या मानाने चणेफुटाण्याच्या भावात, जेमतेम दहा लाख डॉलरमध्ये. ते वर्ष ह्यूस्टनने स्वतःच सोडून दिलं. डाव असा की पार्सन्स ‘मर्यादित’ मोकळा होईल, म्हणजे दुसऱ्या कोणी बोली लावली तरी तितकेच पैसे देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क आपल्याकडे राहील. २०१४ च्या जुलैत डॅलसने तीन वर्षांचे ४.६ कोटी डॉलर लावले. तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांच्यासोबत ऑरलँडोच्या एका नाइटक्लबमध्ये सही झाली. ह्यूस्टनला विचार करायला तीन दिवस होते. त्यांनी विचार केला आणि हात वर केले.

इथवरची गोष्ट गृहस्थ मिटक्या मारत सांगेल. पुढची तरुण इंजिनिअर सांगतो. २०१५ च्या प्लेऑफमध्ये डॅलससमोर ह्यूस्टनच आलं. पार्सन्स पहिला सामना खेळला आणि गुडघ्यामुळे उरलेल्या मालिकेला मुकला. ह्यूस्टनने ती ४-१ अशी जिंकली. वर्षभराने पार्सन्स ९ कोटी ४० लाख डॉलरवर मेम्फिसला गेला आणि तिथे तीन हंगामांत मिळून शंभर सामनेही खेळू शकला नाही. दुहेरी हिशोबाला तिसरा रकाना असतो, तो गुडघ्याचा. गॉर्डन हेवर्डचं तर याहून वाईट. २०१७ मध्ये बोस्टनने या फॉरवर्डशी चार वर्षांचा १२ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांतच त्याचा घोटा मोडला.

“नशीब असते ते,” असं म्हणून गृहस्थ जिलेबी मागवतो.

त्याच्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा अमेरिकेत होत नाही, भिलाईत होते. सिलतऱ्याहून भिलाई तासा-दीड तासावर. तिथे भिलाई स्टील प्लांटचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी वर्षानुवर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवलं. साध्यासुध्या घरच्या, काही आदिवासी भागांतल्या मुली. २००० साली जन्मलेलं छत्तीसगडसारखं राज्य महिला बास्केटबॉलमध्ये देशातल्या मोठ्या संघांशी भिडू लागलं, ते या कारखान्याच्या गावामुळे. पटेल २०१८ मध्ये गेले. त्यांच्या संघाला खरा वैरी भेटला तो राष्ट्रीय स्पर्धेत, आणि तो कुठलं राज्य नव्हता. तो होता भारतीय रेल्वेचा संघ. आपल्याकडे रेल्वे स्वतंत्र संघ उतरवते आणि खेळाडूंना क्रीडा कोट्यातून नोकरी देते. कानपूरची पूनम चतुर्वेदी, उंची जवळपास सात फूट, भिलाईत येऊन घडली, छत्तीसगडकडून खेळली आणि पुढे रेल्वेकडून खेळू लागली. तशा आणखीही गेल्या. रेल्वेला पगाराची मर्यादा पाळावी लागत नाही, आणि तिच्या बोलीत डॉलर नसतात. असतात ती कायमची नोकरी, क्वार्टर आणि प्रवासाचा पास. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या आईवडलांना याहून मोठा आकडा कुणी दाखवलेला नसतो.

हे निघालं की ड्युरँटचा भक्त एकदम ओक्लाहोमावासी होतो. “हे चोरीच आहे! घडवायचं यांनी अन् न्यायचं त्यांनी?” दुहेरी हिशोब, वैऱ्याच्या चाली, सगळं विसरतो. खरं तर या बाबतीत त्याचा राग अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. एनबीएत ज्याचा माणूस जातो त्याच्या हाती निदान मोकळी झालेली पगाराची जागा तरी उरते. भिलाईच्या हाती काय उरायचं? पुन्हा नव्या मुली शोधायच्या आणि पहाटे मैदानावर उभं राहायचं. पण मुलीने तरी काय करावं, याचं उत्तर गृहस्थाकडे नसतं. आणि हेही सांगायला हवं, की भिलाईतला एकही सामना त्याने पाहिलेला नाही. त्याच्याच नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली, ही बातमी त्याला बायकोकडून कळली.

बायको या कारभाराकडे शांतपणे पाहते. २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी सकाळी, डॅलसने आपला तारा खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सना देऊन अँथनी डेव्हिस घेतल्याचं कळलं, तेव्हा गृहस्थ बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन पंधरा मिनिटं तसाच उभा होता. “अहो, त्यांचं झालं असेल तर पाणी तापलंय,” एवढंच ती म्हणाली. डॅलसचे लोक हा सौदा करणाऱ्या निको हॅरिसन यांना काढा म्हणून महिनोन्महिने घोषणा देत राहिले, नोव्हेंबरात त्यांना काढण्यातही आलं. गृहस्थाने याचं थोडं श्रेय घेतलं.

स्वतः तो कधी मोकळा झाला नाही. शेजारच्या प्लँटने एकदा महिना आठ हजार वाढवून बोलावलं होतं. घरी तीन रात्री बैठक झाली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, याची चार वर्षं दोन महिने झाली होती. मुलीची शाळा, पीएफची बदली, नव्या साहेबाचा स्वभाव, सगळं मोजून त्याने नकार कळवला. ड्युरँटला चार दिवस पुरले होते.

मागच्या पावसाळ्यात मात्र खुद्द कारखान्यातच तो प्रश्न उभा राहिला. शेजारच्या प्लँटचा एक किल्न ऑपरेटर उत्तम होता, करार संपत आला होता, आणि साहेबांनी गृहस्थालाच विचारलं, घ्यायचा का? सगळ्यांना वाटलं, आता दुहेरी हिशोब निघणार. गृहस्थाने चष्मा पुसला. त्याला आपल्याकडच्यांपेक्षा चार हजार जास्त दिले तर आपले पाच ऑपरेटर उद्या केबिनबाहेर उभे राहतील, म्हणाला. तो तिथल्या किल्नवर चांगला आहे, आपला कोळसा वेगळा, आपलं खनिज वेगळं, इथे चालेलच असं नाही. पाठीचं दुखणं आहे असं ऐकतो. आणि आज त्यांचा आपण आणला तर उद्या ते आपला नेतील. इतकं शहाणपण डॅलसला दहा वर्षांत कोणी सांगितलं नसेल. तरुण इंजिनिअर तोंड उघडणार होता, पण अप्रेझलचे दिवस होते.

साहेबांनी तरीही घ्यायचं ठरवलं. ऑपरेटरने टपरीवर चहा पिऊन तोंडी होकार दिला, एक तारखेला येतो म्हणाला. त्याच्या आदल्या संध्याकाळी जुन्या प्लँटचे दोघे जण त्याच्या खोलीवर जाऊन बसले. ऑपरेटर तिथेच राहिला. त्याचे अडीच हजार वाढले.